परक्या संसाराचा लिलाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला माझे काम म्हणजे सतरंज्या घालायच्या आणि चहा गाळायचा. यंदा चिटणीसबाईंनी हातातले गाळणे काढून घेतले आणि मला इथे उभे केले. म्हणाल्या, "तुम्ही अमेरिकेला जाऊन आलात, तिथले चार शब्द सांगा." मी सातवी शिकलेली. भाषण कसे करतात ते मला ठाऊक नाही. म्हणून घरी वहीत लिहून आणले आहे, तेच वाचून दाखवते. चुकले तर हसा, पण वाचून झाल्यावर हसा.

2024 च्या ऑगस्टात मी भावजयीच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला गेले. माझी आई आता थकली आहे, तिला एवढा प्रवास झेपला नसता. तेव्हा डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि धुरीचा ओवा घेऊन मीच निघाले. जानेवारीत परत आले. तिथल्या उंच इमारती आणि मोठे रस्ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहेत, त्यांचे मी काय सांगणार? मी तुम्हांला सांगणार आहे कुलपांविषयी.

माझा भाऊ जुने घर सोडून नव्या घरात जायचा होता. जुन्या घराची मुदत संपली, पण नवे अजून तयार नव्हते. मधले दोन महिने बाळंतीण आणि आम्ही एका लहानशा जागेत राहिलो. मी विचारले, "बाकीचे सामान कुठे ठेवलेस रे?" तो म्हणाला, "चल, दाखवतो." गावाबाहेर त्याने मला एका आवारात नेले. आपल्या मार्केट यार्डात सुटीच्या दिवशी गाळ्यांची शटरे कशी ओळीने बंद असतात, अगदी तसेच. लांबच लांब ओळी, प्रत्येक दाराला नंबर, प्रत्येक दाराला कुलूप. माणूस मात्र एकही नाही. त्या गाळ्यांत माल नव्हता, लोकांचे संसार होते.

तिकडे हा एक मोठा धंदाच आहे. देशभर अशी 50,000 हून अधिक ठिकाणे आहेत म्हणे. पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब असा लहान गाळा, दहा बाय दहाचा मधला आणि दहा बाय वीसचा मोठा. भावाच्या मधल्या गाळ्याचे भाडे महिना 150 डॉलर होते. डॉलर तेव्हा सुमारे 84 रुपयांचा होता, म्हणजे नुसत्या सामानाच्या खोलीला महिना 12,600 रुपये! मी तर तोंडात बोटच घातले. आपल्याकडे जास्तीचे सामान माळ्यावर जाते, नाहीतर दिराच्या घरी. तिकडे माळाही नाही आणि दीरही जवळ नाही. नोकरी बदलली की माणूस हजार मैलांवर जातो. म्हातारी आई गेली, तिचे घर रिकामे करायचे आहे. नवराबायकोचे पटले नाही, घर मोडले. घरभाडे परवडले नाही. अशा वेळी सामान गाळ्यात जाते. सुखात ठेवलेले सामान थोडे आणि अडचणीत ठेवलेले फार, असे मला दिसले.

मग मी भावाला साधा प्रश्न विचारला, "भाडे थकले तर?" तो म्हणाला, "लिलाव."

लिलाव आपल्याला नवीन नाही. गणपतीच्या प्रसादाच्या नारळाचा लिलाव आपण दरवर्षी पाहतो. आपल्यातल्या काहीजणी लिलावाच्या भिशीत आहेत, नावे घेत नाही! पण माणूस जिवंत असताना त्याच्या भांड्याकुंड्यांचा, अंथरुणापांघरुणाचा सवाल पुकारायचा, हे ऐकून मला कसेसेच झाले.

त्याचा कायदा असा आहे. प्रत्येक राज्याचा थोडा निराळा, पण साधारण सारखा. भाडे थकले की गाळ्याच्या मालकाचा आतल्या सामानावर हक्क चढतो. तो आधी आपले कुलूप वरून घालतो. मग नोटीस पाठवतो. कॅलिफोर्नियात चौदा दिवस भाडे थकले की पहिली नोटीस निघू शकते. मग ठरलेले दिवस वाट पाहायची, लिलावाची जाहीर सूचना द्यायची आणि मगच विक्री. लिलावाच्या आधी पैसे भरले तर सामान परत मिळते. लिलावात थकबाकीपेक्षा जास्त पैसे आले तर वरची रक्कम भाडेकऱ्याची असते, पण बहुधा तेवढे येतच नाहीत. एक गोष्ट मला फार आवडली. सैन्यात कामावर असलेल्या माणसाचे सामान कोर्टाच्या हुकमाशिवाय विकता येत नाही. लढाईवर गेलेल्याच्या घराला निदान एवढे तरी कुंपण आहे.

भावाच्या शेजारी एक साठीच्या बाई राहात. नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. नातू सांभाळून उरलेल्या वेळात त्या हाच धंदा करीत, लिलावात गाळा घ्यायचा आणि सामान निवडून विकायचे. भाषा येत नसली तरी दोन बायकांना एकमेकींचे समजते. मी तिला थालीपीठ दिले, तिने मला केक दिला, ओळख झाली. एका शनिवारी ती म्हणाली, "येतेस का बघायला?" ऑक्टोबरचा महिना होता. भावाला सुटी होती, तो दुभाष्या म्हणून आला. बाळाला आईजवळ ठेवून आम्ही तासा-दोन तासांसाठी निघालो.

आता तिकडेही बहुतेक लिलाव फोनवरच होतात. फोटो पाहायचे आणि घरी बसून बोली लावायची. पण काही ठिकाणी अजून दारात उभे राहून लिलाव होतो. त्या दिवशी वीसेक माणसे जमली होती. व्यवस्थापकाने आधी नियम वाचून दाखवले. आत पाऊल टाकायचे नाही. कशाला हात लावायचा नाही. उंबऱ्याबाहेरून पाच मिनिटे पाहायचे, हवी तर बॅटरी मारायची. पैसे रोख. साफसफाईची अनामत वेगळी. दोन दिवसांत गाळा झाडून रिकामा करून द्यायचा, आपल्याला हवे ते ठेवून बाकीचे तिथेच टाकून जायचे नाही. आणि शेवटचा नियम, कागदपत्रे, फोटो, घरगुती अल्बम सापडले तर ते कचेरीत आणून द्यायचे.

मग एक माणूस मोठी कातर घेऊन आला आणि त्याने पहिले कुलूप तोडले. तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

शेजारीणबाई मला हळूच शिकवत होत्या आणि भाऊ सांगत होता. खोकी नीट एकावर एक रचलेली, त्यांवर नावे लिहिलेली असली तर माणूस टापटिपीचा, वस्तू जपून ठेवलेल्या. काळ्या पिशव्यांत कोंबलेले कपडे असले तर घाईने घर सोडलेले, विकण्याजोगे थोडेच निघणार. वास पाहायचा. ओल लागली असेल तर गाद्या फुकट, आणि गादी टाकायलाही तिकडे पैसे पडतात. धूळ पाहायची. धुळीवर ताजी बोटे असतील तर मालक नुकताच येऊन चांगले ते घेऊन गेला असे समजायचे. आणि घरून आकडा ठरवून यायचे, त्याच्या वर एक डॉलर जायचे नाही. हे ऐकून मला आपली भाजीबाजारातली शिकवण आठवली. पेंढी बाहेरून हिरवीगार असली तरी दोरा सोडून आतली पाने पाहावी. पण इथे दोरा सोडायचीच मनाई!

टीव्हीवर या लिलावांचा एक कार्यक्रम 2010 साली सुरू झाला, 'स्टोरेज वॉर्स' नावाचा. त्यात दर खेपेला कोणाला ना कोणाला घबाड मिळते. ते पाहून पुष्कळ लोक या धंद्यात उतरले. पण 2012 साली त्यातल्याच एका खरेदीदाराने कोर्टात दावा लावला, की कार्यक्रमवाले मौल्यवान वस्तू आधीच गाळ्यांत नेऊन ठेवतात. पुढे तो दावा आपसांत मिटला. खरे घबाडही कधी कधी लागते, नाही असे नाही. 1977 सालच्या 'द स्पाय हू लव्हड मी' या जेम्स बाँडच्या सिनेमात पाण्याखाली चालणारी पांढरी मोटार आहे. ती न्यूयॉर्कजवळ एका गाळ्यात पडून होती. 1989 साली एकाने तो गाळा न पाहता 100 डॉलरला घेतला, आणि 2013 साली लंडनच्या लिलावात ती मोटार साडेपाच लाख पौंडांच्या वर गेली. अशी एक गोष्ट घडते आणि तिच्या मागे हजार माणसे पिशव्या उपसत बसतात.

त्या दिवशी पहिल्या दोन गाळ्यांत जुने टायर आणि ओली खोकी होती. तिसरे शटर वर गेले. समोर लहान मुलाची सायकल, टीव्ही, जेवणाचे टेबल, खुर्च्या, शिवणाचे यंत्र. खोकी नीट रचलेली. शेजारीणबाईंनी बॅटरी फिरवली आणि प्रकाश एका उघड्या खोक्यावर पडला. त्यात प्रेशर कुकर होता. कुकरशेजारी स्टीलचे डबे, एकात एक बसणारे, आणि वरती पोळपाट.

मैत्रिणींनो, माझ्या पोटात एकदम धस्स झाले. इतका वेळ मी तमाशा पाहात होते. कोणा परक्याची कपाटे, कोणा परक्याच्या गाद्या. तो पोळपाट पाहिला आणि ते घर परके राहिले नाही. या पोळपाटावर कोणीतरी रोज पोळ्या लाटल्या असतील. ती बाई आज कुठे आहे? तिला ठाऊक आहे का, की तिच्या स्वयंपाकघरावर बॅटरी मारून लोक बोली लावताहेत?

बोली पन्नासापासून सुरू झाली. शंभर, दीडशे, दोनशे. पुकारणारा इतक्या भरभर आकडे म्हणत होता की आपला भटजी संकल्प सांगतो तसेच वाटले. 240 वर शेजारीणबाईंचा हात शेवटचा राहिला. 240 डॉलर, म्हणजे 20,160 रुपयांना एक अख्खा संसार.

दुसऱ्या दिवशी सामान तिच्या गॅरेजमध्ये आले. मी मदतीला गेले, खरे सांगायचे तर मला राहवेना म्हणून गेले. डबे उघडले तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी. एक भांडे उलटे करून पाहिले तर त्यावर नाव घातलेले! अक्षरे आपल्यासारखी, पण वरची रेघ नव्हती. गुजराती. मी एकेक अक्षर लावून वाचले. एका बाईचे नाव आणि खाली तारीख, 1987 सालची. लग्नातली भांडी होती ती. एका खोक्यात अल्बम होते, आणि एका डब्यात मऊ कापडात बांधलेला लहानसा बाळकृष्ण.

मी भावाला म्हटले, "हिला सांग, ही भांडी विकू नको." त्याने सांगितले. शेजारीणबाईंनी शांतपणे उत्तर दिले, "अल्बम आणि देव मी कचेरीत देणारच आहे. पण भांडी मी कायद्याने विकत घेतली आहेत. मी चोरी केलेली नाही." तिचे म्हणणे खोटे नव्हते. मला आधी राग आला होता, पण नंतर तिने आपला हिशेब दाखवला तेव्हा राग गेला. गाळा 240, कर 16, टेम्पोचे भाडे 60, नको ते सामान टाकायचे 45, एकूण खर्च 361 डॉलर. विक्री अशी: टेबल-खुर्च्या 150, शिवणाचे यंत्र 90, टीव्ही 60, सायकल 30, स्वयंपाकघरातले सामान 25, किरकोळ 75, एकूण 430. उरले 69 डॉलर. दोन दिवस पाठ मोडून काम, आणि साठी उलटलेली बाई. तिचेही घर त्यावरच चालत होते. तिकडे कोणाच्या अडचणीवर कोणाची भाकरी भाजते, एवढेच. आणि तिकडे कशाला म्हणू? गहाणाचे दागिने लिलावात स्वस्त मिळतात म्हणून आपणही चौकशी करतोच की!

त्या 25 डॉलरांत 15 माझे होते. भावाकडून घेतले आणि नाव घातलेली सगळी भांडी मी विकत घेतली. कुकर मात्र तोवर गेला होता.

त्याच आठवड्यात भावजयीने मला टीव्हीवर एक माहितीपट दाखवला. तो तुम्हांला सांगितल्याशिवाय राहवत नाही. व्हिव्हियन मायर नावाची एक बाई होती. 1926 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मली. लग्न केले नाही. शिकागोत श्रीमंतांच्या घरी मुले सांभाळायची, दाईच म्हणा ना. गळ्यात कॅमेरा अडकवून मुलांना फिरायला नेई आणि रस्त्यावरची माणसे टिपी. ते फोटो तिने कोणाला दाखवले नाहीत. कितीतरी फिल्म तर तिने धुऊनही घेतल्या नाहीत. सगळे खोक्यांत भरून भाड्याच्या गाळ्यांत ठेवले. म्हातारपणी भाडे थकले आणि 2007 साली सामान लिलावात गेले. एका तरुणाने त्यातले एक खोके सुमारे 400 डॉलरला घेतले. त्यात हजारो फोटो निघाले, एकाहून एक सरस. बाई कोण हे त्याला कळेना. 2009 साली त्याने नाव शोधले तर सापडली ती तिच्या निधनाची बातमी. थोड्याच दिवसांपूर्वी, एप्रिलात, ती गेली होती. तिने काढलेले लाखाहून अधिक फोटो निघाले. आज जगभर त्यांची प्रदर्शने भरतात, पुस्तके निघतात. त्यातला एक पैसा तिला मिळाला नाही आणि शाबासकीचा एक शब्द तिच्या कानावर पडला नाही.

लोक म्हणतात, लिलाव झाला म्हणून तरी जगाला ती कळली. तेही खरे. पण मला त्या रात्री झोप आली नाही. त्या बाईचे कुलूप तुटले तेव्हा ती जिवंत होती. नुसते मनात येत होते की आमच्या खोक्यातली बाईही जिवंत असेल तर?

सकाळी मी भावाला म्हटले, "गुजराती वाण्याच्या दुकानात फळा आहे ना, त्यावर चिठ्ठी लाव." त्याने इंग्रजीत लिहिली, दुकानदाराने खाली गुजरातीत लिहिली: लग्नातली नाव घातलेली भांडी सापडली आहेत, ओळख पटवून घेऊन जावी. भाऊ नाव आणि तारीखही लिहायला निघाला होता. मी त्याचा हात धरला. म्हटले, "तारीख लिहू नकोस. जी बाई तारीख सांगेल, तिची भांडी." सातवी शिकले असले तरी एवढे कळते!

अठरा दिवस काही नाही. भाऊ म्हणाला, "ताई, आता सोड." एकोणिसाव्या दिवशी फोन आला. बोलणारी बाई टेक्सासहून बोलत होती. तिच्या नणंदेने दुकानात चिठ्ठी वाचली होती. ती हिंदीत बोलली, मीही माझ्या मोडक्या हिंदीत बोलले. तारीख विचारली. तिने झटकन सांगितली, आणि म्हणाली, "पेले सहाचे पाचच असतील. एक मुलाने शाळेत हरवला." मी खोक्याकडे पाहिले. पेले पाचच होते.

हकीकत अशी. तिच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला. मुलगा दोघांना टेक्सासला घेऊन गेला. "सामान नंतर नेऊ" म्हणून गाळा घेतला. भाडे नवऱ्याच्या कार्डातून आपोआप जात होते. त्या कार्डाची मुदत संपली. नव्या कार्डाचा नंबर कोणी कळवला नाही. गाळेवाल्याच्या नोटिसा जुन्या घराच्या पत्त्यावर गेल्या. ती इस्पितळात, मुलगा नोकरीवर, आणि सगळा व्यवहार पाहणारा नवरा अंथरुणाला खिळलेला. गाळा कुठल्या कंपनीचा, नंबर काय, हेदेखील तिला ठाऊक नव्हते. ती पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "बहन, मला काहीच माहीत नव्हते. सगळे तेच बघायचे." त्यात कोणी चोर नव्हते, कोणी दुष्ट नव्हते. कायदा पाळला गेला होता, आणि तरी एक घर धुऊन गेले होते.

भांडी तिच्या नणंदेने नेली. अल्बम आणि बाळकृष्ण कचेरीत अजून ठेवलेले होते, तेही मिळाले. शिवणाचे यंत्र गेले ते गेलेच. शेजारीणबाईंना मी हे सगळे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आल्या, त्यांच्या हातात एक पत्र्याचा डबा होता. यंत्राबरोबरच्या बॉबिनी, बटणे आणि अंगुस्तान, विकायचे राहिलेले. म्हणाल्या, "हे तिला पाठव." पैसे घेतले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची गोष्ट, हिचा आपल्याशी काय संबंध? मीही विमानात बसेपर्यंत तसेच समजत होते. विमानात बसले आणि मला आमचे कुलूप आठवले.

माझ्या सासूबाई 2022 साली वारल्या. बँकेत त्यांच्या एकटीच्या नावावर लॉकर होता. आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. पण आम्ही तिघी जावा. विषय आधी कोणी काढायचा? जी काढेल तिचा डोळा दागिन्यांवर, असे दुसरीला वाटायचे. म्हणून तिघीही गप्प, आणि आमच्या गप्प बसण्याला आम्ही मोठेपणा म्हणत होतो. लॉकरचे भाडे त्यांच्या खात्यातून जात असे. त्या गेल्यावर खात्यात पैसे येणे थांबले. पुढचे आम्ही कोणी पाहिलेच नाही.

घरी आल्यावर आठ दिवसांत मी दोघी जावांना जेवायला बोलावले आणि पुरणपोळी वाढता वाढता ही गुजराती बाईची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा थोरल्या जाऊबाईच म्हणाल्या, "अगं, आईंचा लॉकर!" 2025 च्या मार्चमध्ये आम्ही सगळे बँकेत गेलो. दोन वर्षांचे भाडे थकले होते. बँकेची पत्रे आम्ही विकलेल्या जुन्या घरावर जात होती. रिझर्व्ह बँकेचा नियम 2022 च्या जानेवारीपासून असा आहे, की ओळीने तीन वर्षे भाडे थकले तर रीतसर कळवून बँक लॉकर फोडू शकते. पत्र परत आले तर वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देते. फोडताना बँकेचा अधिकारी आणि दोन त्रयस्थ साक्षीदार लागतात, वस्तूंची यादी होते, आणि वस्तू मोहोरबंद करून बँक सांभाळून ठेवते. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी कोणी बोली लावत नाही, हे खरे. पण परक्या माणसांनी सासूबाईंची पुरचुंडी सोडायची, आणि मग आपण कागद घेऊन ती मागत फिरायचे, हे काय कमी झाले?

सासूबाईंनी थोरल्या दिरांचे नाव वारस म्हणून लावून ठेवले होते, म्हणून काम पुष्कळ सोपे झाले. लॉकरात पाटल्या होत्या, नथ होती आणि वहीच्या पानावर त्यांच्या हातची यादी होती, कोणाला काय द्यायचे त्याची. तीन वर्षे आम्ही तिघी ज्या गोष्टीला भीत होतो, तिचा निकाल त्यांनी चार ओळींत लावून ठेवला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, उपदेश करण्याइतकी मी मोठी नाही. पण घरी गेल्यावर एवढे करा. एका वहीत लिहून काढा: लॉकर कोणत्या बँकेत, कोणाच्या नावावर, भाडे कोणत्या खात्यातून जाते. काही गहाण असेल तर पावती कुठे आहे आणि मुदत कधी संपते. घर बदलले असेल, फोन नंबर बदलला असेल, तर तो बँकेत कळवलाय का. वारसाचे नाव लावले आहे का. आणि सर्वांत महत्त्वाचे, "सगळे तेच बघतात" हे वाक्य आजपासून बंद करा. त्यांनी खुशाल बघावे, पण आपल्यालाही दिसले पाहिजे. नवऱ्याला विचारायला संकोच वाटत असेल तर माझे नाव सांगा. म्हणावे, मंडळात एक बाई आली होती, तिने असे असे सांगितले.

आणि माहेरच्या भांड्यांवर नाव घातलेले नसेल तर घालून घ्या. हल्ली मुली म्हणतात, कशाला ते नाव, भांडे खराब दिसते. त्या नावानेच सातासमुद्रापार एका बाईला तिची भांडी परत मिळाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

बोलता बोलता फार झाले. चहाचे आधण ठेवून आले होते, ते उकळले असेल. मंडळाला उदंड आयुष्य लाभो, एवढे बोलून मी माझ्या गाळण्याकडे परत जाते. नमस्कार.